गावच्या शाळेतल्या मुलींच्या राहण्याच्या सोयीसाठी पैसे उभे करायचे आहेत, अनुभव सांगा

खाडीपल्याड | ११ फेब्रुवारी २०२४

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

आमचं गाव दापोली-मंडणगडच्या बाजूला, खाडीच्या काठी. नाव मुद्दाम लिहीत नाही. गावात बारावीपर्यंतची शाळा आहे, मीही तिथलाच. वरच्या वाड्यांतल्या मुलींना रोज जाऊन-येऊन शिकणं जमत नाही. परतीची शेवटची गाडी साडेचारला सुटते आणि सायन्सची प्रॅक्टिकलं पाचपर्यंत चालतात. २०२१-२२ च्या संपात तर एसटी कित्येक महिने बंदच होती. तेव्हा शाळेजवळच्या एका बंद घरात आठ मुली राहायला आल्या, आपापले तांदूळ घेऊन. संप मिटला, मुली राहिल्याच. गेल्या जूनपर्यंत एकवीस झाल्या होत्या.

घर चिऱ्याचं, जुनं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात अर्धी कौलं गेली, तिथे निळं प्लास्टिक आहे. त्याखाली चार पावसाळे निघाले. संडास मागच्या आगरात. रात्री मुली जोडीजोडीने जातात, मोबाइलचा उजेड पाडत. गेल्या भाद्रपदात एकीच्या अंथरुणाला लागून मण्यार निघाली. कुणाला काही झालं नाही. पण त्यानंतर दोघींना घरच्यांनी परत नेलं, आणि त्यातल्या एकीचं लग्न ठरल्याचं परवा कळलं.

उरल्या एकोणीस. शाळेच्या सरांनी नव्या इमारतीचा अंदाज काढून घेतला, १४ लाख. शाळेच्या संस्थेकडे ३ आहेत. बाकीचे ११ कसे उभे करायचे? मुंबईला आमचं मंडळ आहे, पण आजवर देवळाचा सभामंडप सोडून एवढी रक्कम कुणी काढलेली नाही.

शंकासूर | ११ फेब्रुवारी

पहिला प्रश्न, पाटी कुणाच्या नावाची? ते ठरलं की पैसे आपोआप येतात. आमच्या शेजारच्या गावात एकाने आईच्या नावे शाळेला सभागृह बांधून दिलं. ग्रॅनाइटची पाटी, बुंदीचे लाडू, सगळं झालं. आता त्यात मंडपवाल्याचे बांबू ठेवतात.

रातकिडा | ११ फेब्रुवारी

वाचतेय. आमच्याही शाळेत हीच गत आहे.

पावतीपुस्तक | १२ फेब्रुवारी

मुंबईतल्या एका ग्रामस्थ मंडळाचा अकरा वर्षं खजिनदार होतो. त्यात केस पांढरे झाले ते झालेच, दोन चुलत भाऊही बोलेनासे झाले. तेव्हा आधी कागद, मग पैसे.

पैसे कुणाच्या खात्यात येणार? तुमच्या स्वतःच्या गुगल पेवर एक रुपया घेऊ नका, अगदी मामाचा असला तरी. शाळेची संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेलच, तिच्याच नावाने वेगळं खातं उघडा आणि त्यातून फक्त याच कामाचा खर्च करा. नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी काढायची तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयात जावं लागतं, गणपतीची मंडळं जातात तसंच.

संस्थेला ८०जी (आयकरातलं देणगीसवलतीचं कलम) आहे का, ते विचारा. असेल तर देणाऱ्याला देणगीवर करसवलत मिळते, पण दोन हजारांवरची रोख रक्कम त्यात धरत नाहीत, आणि नव्या करप्रणालीत गेलेल्यांना ती सवलतच नाही. म्हणजे निम्मे चाकरमानी आता त्यासाठी देणार नाहीत, हे धरून चाला. आणखी एक, साधी पावती आता पुरत नाही. संस्थेला देणगीदारांची यादी फॉर्म १०बीडीत ३१ मेपर्यंत भरावी लागते आणि त्यावरून निघालेलं १०बीई प्रमाणपत्र प्रत्येकाला द्यावं लागतं. पॅन आधीच मागून घ्या, मागाहून कुणी देत नाही. माझा एक संपूर्ण मे महिना त्यात गेलाय.

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत कंपन्या आहेत. कंपनी कायद्याच्या कलम १३५ मध्ये बसणाऱ्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकामावर खर्चावे लागतात आणि आसपासच्या भागाला प्राधान्य द्या, असं कायदाच सांगतो. पण संस्थेची सीएसआर-१ नोंदणी (कंपन्यांचा असा पैसा घेण्यासाठीची) नसेल तर तुमचा अर्ज फाटकाच्या आत जाणार नाही.

आता खरी मेख. ते घर कुणाचं?

खाडीपल्याड | १२ फेब्रुवारी

घर एका कुटुंबाचं, सगळे मुंबई-पुण्याला. तोंडी परवानगी आहे. सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली पाच मयत.

पावतीपुस्तक | १२ फेब्रुवारी

सतरा म्हणजे कमीच हो! कोकणात हे चालायचंच. पण तोंडी परवानगीवर लोकांचा पैसा त्या घरात घालू नका. छप्पर नवं झालं की एखाद्या पुतण्याला वडिलोपार्जित घराची ओढ लागते. वारसनोंदी करून घ्या, सगळ्यांच्या सह्यांनी निदान पंधरा वर्षांचा भाडेपट्टा करा आणि तो रजिस्टर करा. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो.

दुबईकर | १२ फेब्रुवारी

मी इथून पाठवले तर चालतील का? आणि बहीण न्यू जर्सीला असते, तीही देईल म्हणते.

पावतीपुस्तक | १२ फेब्रुवारी

तुमचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे तुमच्या कमाईचे, बँकेमार्फत, तर खुशाल पाठवा, ती परकी देणगी धरत नाहीत. बहिणीने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र ती कायद्याने परकी, मग तिचं मन अजून कुंडीतल्या तुळशीत असलं तरी. त्यासाठी संस्थेकडे एफसीआरए (परकी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते आणि २०२० पासून ते पैसे आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. एवढ्याशा कामासाठी त्या वाटेला जाऊ नका. बहिणीला सांगा, गावी आलीस की मुलींना चार गोष्टी शिकव.

तिरफळ | १३ फेब्रुवारी

आमच्या गावात शाळेसाठी दशावताराचो प्रयोग लावलेलो. पैशे बरे जमले, खोटा कित्याक सांगू? पण कंपनीचा मानधन, मंडप, लाइट आणि पावण्यांचा च्या-पाणी जावन हातात उरला ता बघून मास्तरांका हसाक इला. नाटक मजेसाठी करा. पैशांसाठी घराघरात फिराक व्हया.

शंकासूर | १३ फेब्रुवारी

तिरफळभाऊ, त्या प्रयोगात संकासूर (दशावतारातला राक्षस) कोण होता? मानधन वाढवून मागितलं असणार.

चिरेबंदी | १४ फेब्रुवारी

सिव्हिलवाला आहे, चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला स्वतःचं तळघर आणि तळमजला पाण्यात बघितलाय, तेव्हा थोडं अधिकारवाणीने लिहितो.

१४ लाखांची नवी इमारत विसरा. खाडीकाठ म्हटलं की सीआरझेड (किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम) आलं, बिनशेती आलं, आणि परवानग्या मिळेस्तोवर आताच्या मुलींची मुलं शाळेत जायला लागतील. चिऱ्याच्या भिंती शाबूत असतील तर तेच घर नीट करा. फोटो व्यनि (खाजगी निरोप) केलेत ते बघितले. पूर्वेकडचा कोपरा सोडला तर भिंती उत्तम आहेत.

छप्पर आधी. निसर्गचा वारा किनाऱ्यावर ताशी ११०-१२० किलोमीटर होता. त्यात कौलं उडाली ती उडालीच, पण जिथे नुसते खिळे मारून पत्रे ठोकले होते ते पत्रे तर सुऱ्यांसारखे फिरले. वासे बदला, वासा भिंतीला आणि भिंतीवरच्या पट्ट्याला लोखंडी पट्टीने बांधा. पत्रा घातलात तर जे-हुकने, आणि पागोळी फार बाहेर काढू नका, वारा तिथूनच हात घालतो. पत्र्याखाली मे महिन्यात पोरी भाजून निघतील, म्हणून माझं मत मंगलोरी कौलांना. जुनी चांगली कौलं गावात पडलेली असतात, तीच देणगी म्हणून मागा.

वायरिंग पूर्ण नवं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) बसवाच, ओल्या भिंतीला हात लावलेलं पोर त्याने वाचतं. जांभ्यात अर्थिंग नीट बसत नाही, खड्डा खोल घ्यावा लागतो, इलेक्ट्रिशियन टाळाटाळ करेल, उभे राहून करून घ्या.

संडास-न्हाणी घराला जोडून बांधा, पडवीतूनच दार. सेप्टिक टँकचा शोषखड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब. जांभा म्हणजे चाळण, खड्ड्यातलं पाणी कुठे जाईल याचा नेम नाही.

आणि दारं दोन. खिडक्यांना गज लावाल ते बरोबर, पण एका खिडकीचा गज आतून उघडणारा ठेवा. १६ जुलै २००४ ला कुंभकोणमच्या शाळेत ९४ मुलं गेली. आग स्वयंपाकघरातून झापांच्या छपराला लागली, जिना अरुंद, बाहेर पडायला वाट नाही. तुमच्या फोटोत चूल आणि अंथरुणं एकाच खोलीत दिसतायत. ते उद्याच्या उद्या हलवा, त्याला देणगी लागत नाही.

या सगळ्याला माझ्या हिशेबाने ६ लाख. मजुरी गावातली धरली तर कमीच.

खाडीपल्याड | १४ फेब्रुवारी

चूल पडवीत हलवली. सरांना फोन केला होता.

रीलबहाद्दर | १५ फेब्रुवारी

सहा लाख म्हणजे काहीच नाही. मुलींचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, मागे गळकं छप्पर, एखादीचं डोळ्यात पाणी. क्राउडफंडिंगवर टाका. आठवड्यात जमतील.

माजी अधीक्षिका | १५ फेब्रुवारी

मुलींचा व्हिडिओ काढू नका. "या गावात, या घरात एकोणीस मुली एकट्या राहतात, दाराला कडी नीट बसत नाही," हे जगाला सांगून त्यांच्या सुरक्षिततेसाठी पैसे मागायचे? घराचा फोटो टाका, गावाचं नाव न घालता. चेहरे नकोत, पाठमोरेही नकोत. धागाकर्त्याने नाव लिहिलं नाही, ते फार बरं केलं.

मी चौदा वर्षं मुलींच्या एका वसतिगृहात अधीक्षिका होते, घाटमाथ्यावर. थोडं लांबेल, पण लिहितेच.

दात्याला वाटतं धोका बाहेरून येतो. म्हणून कुंपणाला पैसे मिळतात, सीसीटीव्हीला मिळतात. माझा अनुभव उलटा. ज्याच्याकडे चावी असते त्याच्याकडे आधी बघावं. आमच्याकडे कार्यकारिणीतले एक गृहस्थ रात्री नऊला "पाहणी"ला यायचे. वयस्कर, सगळे पाया पडायचे. मी नवीन होते, दोनदा दार उघडलं. तिसऱ्यांदा नाही उघडलं. मग नियम केला, संध्याकाळी सहानंतर कुठलाही पुरुष उंबऱ्याच्या आत नाही, संस्थापक असो की प्लंबर, आणि दिवसा आला तरी वहीत नाव, वेळ, कारण. त्या वहीने माझी बढती गेली. वही राहिली.

तेव्हा तुमच्या घरात रात्री कोण असतं, हा माझा पहिला प्रश्न. शेजारच्या काकू लक्ष ठेवतात, हे उत्तर चालणार नाही. तिथे मुक्कामी राहणारी, पगार घेणारी बाई हवी, तिची पोलीस पडताळणी झालेली हवी. ती रजेवर गेली तर बदली कोण, हे आधी ठरलेलं हवं. गडबड नेमकी तिच्या रजेच्या दिवशी होते. मुलींपैकी कुणालाही न विचारता फोन करता येईल असा एक फोन हवा आणि भिंतीवर १०९८, मुलांच्या मदतीचा नंबर, मोठ्या अक्षरात. काही घडल्याचं कळलं आणि संस्थेची अब्रू म्हणून दाबलं, तर पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) तोही गुन्हा आहे, हे कार्यकारिणीला बैठकीत वाचून दाखवा. तोंडं वाकडी होतील, होऊ द्या.

झोपायला खाटा करा, जमिनीवर नको. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यालाच चावते, बऱ्याचदा कळतही नाही. लाल विंचूही तुमच्याच भागातला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनने विंचूदंशातले मृत्यू कमी करून दाखवले, पण गोळी असली तरी मुलगी दवाखान्यापर्यंत पोचायला रात्री दोन वाजता गाडी कुणाची? त्या माणसाचं नाव आणि डिझेलचे पैसे आजच ठरवा.

आता पैशांचं. छपराला पैसे मिळतील, बघाल तुम्ही. छप्पर दिसतं, त्यावर नाव घालता येतं. बाईच्या पगाराला कुणी देत नाही. मी बघितलेली निम्मी वसतिगृहं इमारत पडून बंद झाली नाहीत. अधीक्षिकेचा पगार सहा महिने थकला, ती गेली, तिच्या जागी कुणाचा तरी भाचा आला, आणि आयांनी मुली नेल्या. भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगाची गोष्ट आपण भाषणात सांगतो, लक्ष्मीबाईंनी दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. कशासाठी? इमारतीसाठी नाही, पोरांच्या रोजच्या जेवणासाठी. रयतचा मुष्टिफंडही मूठमूठ धान्याचाच होता.

म्हणून आधी महिन्याचा खर्च काढा. तो निदान तीन वर्षं कोण देणार हे ठरल्याशिवाय कौलाला हात लावू नका.

अवांतर: लग्न ठरलेल्या मुलीचं वय किती?

चिरेबंदी | १५ फेब्रुवारी

ताई, शेवटचं सोडून सगळं मान्य. छप्पर मिरगाच्या आधी झालं नाही तर तुमच्या अधीक्षिकेच्याच अंगावर गळेल. दोन्ही बरोबर चालू द्या.

माजी अधीक्षिका | १५ फेब्रुवारी

बरं, बरोबर चालू द्या. पण माझं आधी लिहा.

खाडीपल्याड | १७ फेब्रुवारी

दोन दिवस गप्प होतो, सरांबरोबर हिशेब करत होतो. रात्री आत्तापर्यंत कुणीच नसतं, हे लिहितानाही लाज वाटते.

मुक्कामी बाईचा पगार १२,०००, स्वयंपाकाला मदतनीस ७,०००, वीज आणि गॅस ४,५००, औषधं आणि रात्रीची गाडी २,५००, बदली बाईचे २,०००, किरकोळ दुरुस्ती २,०००. महिना ३०,०००. तांदूळ मुलींच्या घरचे, भाजी-डाळीला पालक महिना पाचशे देतात. दहा महिने धरले तर वर्षाला ३ लाख. म्हणजे दीडशे जणांनी महिना दोनशे.

मुलगी सतराची आहे. अठरा वर्षं ऑगस्टमध्ये पूर्ण होतात. लग्न मे महिन्यात.

माजी अधीक्षिका | १७ फेब्रुवारी

म्हणजे तो बालविवाह आहे, आणि तुमचे ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात. पण आधी सरांना आणि एखाद्या बाईमाणसाला घरी पाठवा. कागद खिशात असू दे, आधी चहा घ्या. नाहीच ऐकलं तर कागद.

शंकासूर | १८ फेब्रुवारी

मी विरोधाला विरोध करत नाही, पण मुळात वसतिगृह हवंच कशाला? बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे. आगारात बसून साडेपाचची एक गाडी मिळवा. तीन लाख वाचतील, पोरी आईच्या हातचं जेवतील.

खाडीपल्याड | १८ फेब्रुवारी

पास फुकट आहे, गाडी नाही. तीन वर्षांत चार अर्ज दिले, पोच आहेत. शिवाय गाडी खालच्या फाट्यापर्यंतच जाते. तिथून वरच्या वाडीला तासभर चढ, पावसात साकव पाण्याखाली. गाडीसाठी पाचवा अर्ज देतोच, तुमचंही चुकीचं नाही. पण तोवर?

शंकासूर | १८ फेब्रुवारी

पाचव्या अर्जाची प्रत मला व्यनि करा. आमचा एक माणूस त्या खात्यात आहे. (आणि दोनशेत मला धरा. गवगवा नको.)

पावतीपुस्तक | १९ फेब्रुवारी

दोनशे रुपये दर महिन्याला हाताने मागायला गेलात तर तिसऱ्या महिन्यापासून लोक रस्ता बदलतील. बँकेतून आपोआप जाणारी सोय करून घ्या. आणि यंदा होळी २४ मार्चला आहे, सगळे गावी येतील. पालखी सहाणेवर (पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर) असताना बोला. त्या वेळी माणूस नाही म्हणत नाही.

तिरफळ | १९ फेब्रुवारी

आणि भात झोडून झाला की घरटी एक पायली. थंय कोणाक पॅन लागणा नाय.

खाडीपल्याड | ५ एप्रिल

उशीर झाला, माफ करा. शिमगा पार पडला.

सहाणेवर बोललो. आधी शांतता. एका बुजुर्गांनी विचारलं, सभामंडपाच्या फरशीचं काय? मग बायकांच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, देव गळक्यात बसलेला नाही, पोरी बसल्यात. त्यावर हसले सगळे, आणि वही फिरायला लागली. महिना दोनशेचे ८३ जण झाले, म्हणजे १६,६००. तीस हजार व्हायला १३,४०० कमी आहेत. छपराला मात्र ताईंनी सांगितलं तसंच झालं, एका संध्याकाळी साडेचार लाखांचे शब्द आले. त्यातल्या दोघांनी पाटीचं विचारलं. सरांनी सांगितलं, बारा महिने बाईचा पगार भरेल त्याचं नाव पाटीवर. एक तयार झाले आहेत, दुसरे विचार करतो म्हणाले.

भाडेपट्ट्यावर चौदा सह्या झाल्या, तीन राहिल्यात. त्यातले एक काका बडोद्याला आहेत, त्यांच्याकडे पुढच्या आठवड्यात जातोय. वासे तोवर आमच्या गोठ्यात रचून ठेवलेत. पावतीपुस्तककाका, सह्या पुऱ्या झाल्याशिवाय चढवणार नाही, शब्द देतो.

बाई मिळाल्या, वरच्याच वाडीतल्या. घर बघायला आल्या, सगळीकडून फिरल्या आणि दोनच गोष्टी म्हणाल्या. संडासाच्या दिव्याचं बटण बाहेर नको, झोपायच्या खोलीत हवं. आणि किल्ली एकच, ती माझ्याकडे, संस्थेकडे दुसरी नको. दुसऱ्यावर कार्यकारिणीत दीड तास वाद झाला. दुसरी किल्ली आता सीलबंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे, सीलवर बाईंची सही.

लग्नाचं: सर आणि अंगणवाडीच्या ताई दोनदा जाऊन आल्या. कागद काढावा लागला नाही. मेमधलं लग्न थांबलंय. मुलीला परत पाठवाल का विचारलं, तर बाप म्हणाला, कौलं बसू देत, मग बघतो.

चिरेबंदी | ५ एप्रिल

मिरगाला ६३ दिवस आहेत. बडोद्याला पुढच्या आठवड्यात नाही, उद्याच निघा.